डावे खवले

साबण हातात घेतला आणि माझा अंगठा जागच्या जागी थांबला. पायांवर पाणी पडत होतं. विहीणबाई, म्हणजे माझ्या नातीच्या सासूबाई काशीबाई, तांब्यानं ते ओतत होत्या आणि "भाईनू, येष्टीत तरास नाय ना झालो?" असं विचारत होत्या. आणि मी त्यांच्या मसुरे गावच्या घरापुढल्या खळ्यात, टळटळीत उन्हात, ओल्या हातातल्या लाल मासळीकडे बघत उभा राहिलो होतो. करवंटीत पडलेला साबणाचा तुकडा म्हणून उचलला, तर ती तांबोशी निघाली. शेपूट झिजलेली, डोळा अर्धा पुसलेला, पण अंगावरचे खवले अजून शाबूत होते. अंगठा शेपटीकडून डोक्याकडे गेला आणि प्रत्येक खवल्याची खाच त्याला डाव्या अंगानं खोल लागली. उजव्या हाताचा माणूस खवला कोरतो तेव्हा खाच उजवीकडे खोल जाते. डावीकडे खोल जाणारी खाच मी आयुष्यात एकाच बाईची बघितली, ती माझ्या बायकोची. आनंदी डावरी होती. आणि आनंदीला जाऊन, आमच्या मथुरेचं लग्न झालं तेव्हाच, दोन पावसाळे उलटून गेले होते.

तळपायाची आग मस्तकाला गेली. रुखवतात मी मखमलीच्या तुकड्यावर मांडून दिलेली आनंदीची तांबोशी, तिच्या हातची राहिलेली ती एकच, आणि ही माणसं तिनं पाय धुतात! मालवणच्या बाजारात माझं खोबरेल तेलाचं दुकान आहे, मागे घाणा आहे. पण गाव मला ओळखतं ते साबणावरून. लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी भटाकडे जातो आणि मग भाईकडे येतो, "भाईनू, रुखवताचा तेवढा बगा" म्हणून. साबणाचा मोर, साबणाची गलबतं शिडासकट, फणसाचा गरा, काजूचं बोंडू. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या आत्याबाईंनी माझ्या साबणाच्या करंजीचा लचका तोडला होता आणि मांडवभर हसू झालं होतं, तोंडाला फेस घेऊन ती बाई मला शिव्या देत होती. असला माझा हात. आणि त्या हातानं मन लावून दिलेली वस्तू पायरीशी करवंटीत! बोलणार होतो. अगदी ओठावर आलं होतं की काशीबाई, ही वस्तू काय म्हणून दिली होती आणि तुम्ही काय म्हणून वापरता. पण सोयरिकीत पहिल्या पाण्याला भांडण बरं नाही, म्हणून गिळलं. गिळताना साबणाचा वास नाकात गेला आणि मी पुन्हा थांबलो.

वास नवा होता. जुना साबण कोरड्या खोबऱ्यासारखा वास देतो, पाच-सहा वर्षांचा तर वासच देत नाही. हा उग्र होता, ताज्या तेलाचा. मी काय केलं असेल? साबण जिभेला लावला. आमच्या धंद्यात तीच परीक्षा. साबणातला कॉस्टिक सोडा अजून मुरला नसेल तर साबण जिभेला चावतो, महिनाभर वाळला की चावायचं थांबतो. काशीबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. व्याही घरी येतो काय, पाय धुता धुता साबण चाटतो काय. "भाईनू!" त्या म्हणाल्या. आणि साबण चावला. चांगला सणसणून चावला, जिभेच्या शेंड्यापासून घशापर्यंत. पंधरवड्यातला साबण. मेलेल्या माणसाच्या हाताची खाच, आणि पंधरवड्यातला साबण. देवाशपथ सांगतो, त्या उन्हात मला थंडी वाजली. मी इकडे तिकडे बघितलं. माडाच्या बुंध्याशी कोंबडी उकरत होती, गोठ्यात म्हैस होती, आणि ओटीवर मथुरा आली होती.

मथुरा माझ्या मुलाची मुलगी. आई बाळंतपणात गेली, बापानं बोटीवर नोकरी धरली आणि मुंबईलाच दुसरा संसार थाटला. पोर आमच्याकडे वाढली, माझ्या आणि आनंदीच्या मध्ये, साबणाच्या परातीशी. दिलं ते बघून दिलं. जावई गुरुदास मुंबईला नोकरीला, घरात फक्त सासू, शेत, माड, खाऊन-पिऊन सुखी. पण लग्न झाल्यापासून पोर माहेरी आली नव्हती. दिवाळसणाला मी घाण्यावरच्या बाबलीला आणायला पाठवलं, तर निरोप आला, भात कापणीला आलाय. तुळशीच्या लग्नाला पुन्हा पाठवलं, तर म्हणे सासूक बरा नाय. आता आंगणेवाडीची जत्रा तोंडावर आली तरी पत्ता नाही. पहिल्या वर्षाची लेक घरी येत नाही म्हटल्यावर बाजारात माणसं विचारतात, "भाईनू, नात खंय?" आणि तो प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा फार काळजीचा असतो, अगदी चवीनं काळजी करतात. म्हणून मी आज उठून आलो होतो, न कळवता. काय ते डोळ्यांनी बघावं, पोरीला सोबत घेऊन जावं.

ती पुढे आली आणि तिनं वाकून नमस्कार केला. म्हणजे कपाळ माझ्या पायांशी टेकवलं. हात लावले नाहीत. हात पदरात होते, उजव्या खांद्यावरून घेतलेला पदर मनगटाच्या खालपर्यंत ओढलेला. "कसे आसास, आजोबा?" म्हणाली. आवाज तोच. जरा वाळली होती. मी "बरो आसंय" म्हटलं पण माझ्या डोक्यात तो साबण फिरत होता. एरवी तिला चिडवल्याशिवाय मी एक वाक्य बोललो नसेन. मुठीत साबण तसाच होता, तो मी करवंटीत परत ठेवला आणि तिनं ते बघितलं. ती आत गेली.

काशीबाईंनी पाट मांडला, केळीचं पान मांडलं. मी बसलो. माझं मन मात्र मालवणात होतं, घाण्यामागच्या पडवीत, जिथे आनंदी डाव्या हातात छत्रीची काडी धरून बसायची. मोडक्या छत्रीची काडी पन्हळीसारखी असते, तिचं टोक घासून धार काढली की एका दाबात एक खवला उठतो. साबण ओतल्यावर तो ओल्या खोबऱ्याइतका घट्ट झाला की कोरायला बसायचं, आधी नाही, नंतर नाही. हळद घालायची ती आनंदीची अक्कल. परातीत पिवळी हळद पडते आणि सोड्याच्या पाण्याला लागली की लाल होते, कुंकवासारखी. छोटी मथुरा पहिल्यांदा ते बघून किंचाळली होती, "आजी, रगत!" आणि आनंदी पोट धरून हसली होती. तेव्हापासून लाल साबणाची तांबोशीच करायची असं त्या दोघींनी ठरवून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. मथुरा आनंदीच्या समोर बसायची, आणि समोर बसल्यामुळे आजीचा डावा हात आणि नातीचा उजवा हात एकाच बाजूला यायचे, आरशात बघितल्यासारखे. एकाच लयीत दोन काड्या चालायच्या. मी पोरीला एकच गोष्ट शिकवली, ती मात्र कान धरून. सोडा पाण्यात सोडायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. "नवरी नवऱ्याच्या घराक जाता, नवरो येयत नाय," असं मी तिला सांगायचो आणि ती ते म्हणत म्हणत सोडा चिमटीनं सोडायची. पाणी सोड्यावर पडलं तर सोडा भडकतो, उसळतो, आणि जिथे पडेल तिथलं मांस खातो.

पानात भात पडला, पेडव्यांचं, म्हणजे त्या बारीक काटेरी मासळीचं, झणझणीत तिखलं पडलं. वाढत होत्या काशीबाई. मथुरा स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला टेकून उभी. नात सासरी आणि आजोबाला वाढायला सासू, हे काय? मी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग माझं मीच समजून घेतलं. पोर बाहेरची असणार. कावळा शिवला असणार. म्हणून वाढत नाही, म्हणून पायांना हात लावला नाही, म्हणून पदर एवढा आवळून. आपण पुरुषमाणसांनी त्यात नाक खुपसायचं नसतं. मी मान खाली घातली आणि भात कालवला. कसं हायसं वाटलं म्हणून सांगू! इतका वेळ छातीवर धोंडा होता तो जरा हलला. साबणाचंही कोडं सुटेल, कदाचित आनंदीची जुनी तांबोशी बघून ही तसंच कोरत असेल, पोर हुशार आहे, असं मी मनाशी जुळवत होतो. पहिला घास तोंडाशी नेला. एवढ्यात काशीबाई आत बघून म्हणाल्या, "मथुरा, चुलीवरचा तवसाळा उतरून ठेव गो, करपात."

आणि ती गेली. सरळ चुलीपाशी गेली. मी तिला पाठमोरी बघितलं, डाव्या हातानं फडका धरून तवसाळ्याचा, काकडीच्या त्या गोडाचा, टोप उतरवताना. बाहेरची बाई चुलीला शिवेल? या घरात, जिथे दारातच देव्हारा आहे? माझा घास हातातच राहिला. खवले डावे. पायांना हात नाही. वाढणं नाही. टोप उतरवला तो डाव्या हातानं. एकेक गोष्ट माझ्यापुढे येऊन बसू लागली आणि मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. पानावरचा भात लांब गेल्यासारखा दिसायला लागला. मला वाटलं आपण काही बोललो नाही तर हे असंच राहील, कळायचं राहून जाईल, जेवू आणि येष्टी पकडू. पण तोंडातून शब्द गेलाच. "मथुरा, माका मीठ वाढ."

काशीबाई मिठाची सटी घेऊन पुढे आल्या. "मी वाढतंय, भाईनू."

"तिनाच वाढूक होया," मी म्हटलं.

काशीबाई तशाच उभ्या राहिल्या, सटी हातात धरून. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मग मथुरा आली. तिनं सासूच्या हाताला हलकेच बाजूला केलं, माझ्या पानासमोर उकिडवी बसली आणि डाव्या हातानं उजव्या हातावरचा पदर काढला.

हात होता, पण बोटं वेगळी नव्हती. मेणबत्त्या उन्हात एकमेकींना चिकटाव्यात तशी चार बोटं एक झालेली, तळव्याकडे वळलेली, वरची कातडी गुलाबी आणि ताणलेली, आणि अंगठा त्यांच्या आत कुठेतरी मुडपून गेलेला. मी बघत राहिलो. माझ्या मनात पहिला विचार आला तो दुखलं असेल हा नव्हता. खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला, गेला! हात गेला, आता कोरणार कोण? आणि मग लगेच दुसरा विचार आला आणि पानावर वाकून मी दोन्ही हात जमिनीला टेकले. ही माझी पोर. हिच्या बोटांत मी पहिली काडी दिली होती.

"माझा पाप ता," काशीबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच बोलल्या, शिक्षा घेणाऱ्या माणसासारख्या. "दिवाळीच्या आदी. तुमका द्यायचो म्हणून साबू करी होती ती. सोडो टोपात काढून ठेवलेलो. म्हटला, हिका जरा हातभार लावया. भाताक पाणी घालतत तसा मी वरसून पाणी ओतलंय. माका म्हायत नाय होता, भाईनू, आयशीशप्पत म्हायत नाय होता. टोप फुटल्यासारखो उसाळलो. माझ्या तोंडारच येय होता. तिना मधी हात घातल्यान."

"आणि तुमी माका सांगूक नाय?"

"मीच नको म्हटलंय," मथुरा म्हणाली. "तुमका सांगला असता तर तुमी थयच साबू करूचा सोडला असतास. घाणो बंद करून बसला असतास. आणि सासूआईंका जन्मभर बोलला असतास. म्हटला, डावो हात बसलो की येयन. दाखवन. आजीसारखा करून दाखवन." ती हे सांगताना हसायचा प्रयत्न करत होती. "आजीसमोर बसान शिकलंय ना मी. डोळे मिटलंय की तिचो हात दिसता. आजीची तांबोशी तशीच मखमलीत आसा, खळ्यातली ती माझी. थोडा थोडा येता आता, आजोबा. तुमच्या अंगठ्याक कळला ना?"

कळलं. कळलं म्हणूनच तर. मी पानावरून उठलो. वाढल्या पानावरून उठणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, घरातल्या लक्ष्मीला लाथ मारणं. उठलो. "चल घराक," म्हटलं. "आत्ताच. बोचका बांध." काशीबाई "पानावरसून उठा नकात, भाईनू, माझ्यार काय ता राग काडा, पण पानावरसून उठा नकात" असं म्हणत मागून आल्या, पण मी ऐकलं नाही. खळ्यात गेलो, हात नुसत्या पाण्यानं धुतला, तिथल्या साबणाकडे बघवेना. आणि आंब्याखालच्या दगडावर बसून राहिलो.

डोकं चालत नव्हतं, नुसतं फिरत होतं. हातभार म्हणे! अहो, नाही ठाऊक तर विचारावं. तोंड नाही? पाणी ओतलं! एका तांब्यात माझ्या घरातलं सगळं वाहून गेलं. आणि महिनोन्‌महिने झाकून ठेवलं. निरोप काय, भात कापणीला आलाय, सासूक बरा नाय. मी तिकडे दुकानात बसून पोरीवर रागावत होतो, सासरी गेली आणि विसरली म्हणत होतो, आणि ती इथे कातडी सोलत होती. कोणी बांधलं असेल? रात्री रडली असेल? मालवणात असती तर मी काय केलं असतं, कोणतं तेल लावलं असतं? मला आठवत होता तो तिचा हात लहानपणचा, बाजारात गर्दीत माझ्या करंगळीला धरणारा, साबणाच्या चुऱ्यानं खरखरीत झालेला, जत्रेत खाजं खाऊन चिकट झालेला. पोर दोन वर्षांची होती तेव्हा जी वस्तू मिळेल ती उजव्या हातानं घ्यायची, आणि आनंदी म्हणायची, "सुटलंय बाई, माझ्यार नाय गेला चेडू." डावरी असल्यानं तिला सासरी, म्हणजे माझ्या आईकडून, काय काय ऐकावं लागलं होतं. आणि आता हिच्या कपाळी तेच आलं, तेही असं. देवा रामेश्वरा, काय रे हे? मी इथे बसून ओरडलो असतो तर बरं झालं असतं. ओरडलो नाही. तिरीप पायांवर आली तरी हललो नाही. घेऊन जाणार होतो. ठरलं होतं. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर राहील. नवऱ्याला यायचं तर येईल भेटायला. कोणी काही बोलायचं नाही. मी उठून दुपारची येष्टी कुठून सुटते ते विचारायला बांधावरच्या माणसाला हाक मारली, त्यानं सांगितलं, आणि परत येऊन बघितलं तर मथुरा अजून आली नव्हती. बोचकं नाही, चाहूल नाही.

बोचकं बांधायलाही दोन हात लागतात हे मला तेव्हा सुचलं. लाज वाटली. मी घराला वळसा घालून मागीलदारी गेलो, तिला मदत करायला म्हणा, नाहीतर त्या बाईनं पोरीला आत अडवून धरलं असेल तर चांगला खडसवायला म्हणा. दार उघडं होतं. चुलीपुढे दोघी जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये एकच ताट. काशीबाई पेडव्याचा काटा बोटांनी चाचपून काढत होत्या, भात कालवत होत्या, घास करत होत्या, आणि मथुरेच्या तोंडात देत होत्या. रोजचं काम असावं तसं चाललं होतं. मथुरेचे दोन्ही हात मांडीवर होते. एक घास मोठा झाला तर ती मान हलवायची आणि काशीबाई तो परत मोडून लहान करायच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

मला बघून मथुरेनं तोंड फिरवलं. काशीबाईंनी घास खाली ठेवला.

"डाव्या हातान जेवक मी तिका देवचंय नाय," त्या म्हणाल्या. "साबू कोरता तो कोरूंदे. पण अन्न डाव्या हातान नाय. माझा घर तसा नाय. दोन वेळा मी भरवतंय." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, दिवसात पहिल्यांदा. "व्हरा तिका घराक. तुमचो हक्क आसा, मी मधी येवचंय नाय. पण थंय तिका भरवतला कोण, भाईनू?"

माझ्या घरात कोण होतं? घाण्यावर बाबली. चुलीवर मीच, सकाळची पेज संध्याकाळपर्यंत. आयुष्यभर आयतं वाढलेलं जेवलेला मी माणूस, कोणाच्या तोंडात घास दिला तर मथुरा अगदी बाळ होती तेव्हाच, तोही आनंदीनं हातात दिलेला. मी दारातच उभा होतो. ताटात भात निवत होता. घराच्या मागून कोणीतरी गुरं हाकत गेलं.

मग मी आत आलो आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलो. ताट माझ्याकडे ओढलं. पेडव्यांचे काटे केसासारखे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांच्या शेंड्यांना लागतात.

"सरा जरा," मी काशीबाईंना म्हटलं. "काटे मी काढतंय. तुमी भरवा."

काशीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि हात पुढे केला. मथुरेनं आ केला.